गोधडी शिवणारीची बैठक

वापरून मऊ झालेले जुने कापड थरावर थर रचून धावदोऱ्याने एकजीव करण्याची रीत भारताच्या बहुतेक प्रदेशांत आढळते. बंगालमध्ये अशा वस्त्राला कांथा म्हणतात, उत्तर बिहारमध्ये सुजनी. पश्चिम राजस्थान, कच्छ आणि सिंध या सलग पट्ट्यात त्याचे नाव रल्ली असे आहे. कर्नाटकातील सिद्दी समाज त्याला कवंदी म्हणतो आणि महाराष्ट्रात ते गोधडी किंवा वाकळ म्हणून ओळखले जाते. नावे निराळी, कापड निराळे, नक्षीही निराळी; परंतु या सर्व वस्त्रांत एक गोष्ट समान आहे. ती कारखान्यात किंवा कारागिराच्या दुकानात जन्मली नाहीत. ती घरात, बहुधा जमिनीवर बसून, घरातील स्त्रियांनी शिवली.

या वस्त्रांविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात नक्षीला मोठे स्थान मिळाले. स्टेला क्रॅमरिश यांनी १९३९ साली बंगालच्या कांथेवर लिहिलेल्या लेखाने अभ्यासकांचे लक्ष तिच्यातील कमळ, वृक्ष आणि मानवाकृती यांच्याकडे वेधले. कोलकात्याजवळ जोका येथील गुरुसदय संग्रहालयात आणि अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आज या वस्त्रांचे उत्तम नमुने जतन केलेले आहेत. मात्र संग्रहालयात कांथा पाहणाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न क्वचितच येतो: एवढे मोठे वस्त्र शिवताना ती स्त्री बसली कशी होती? हा प्रश्न क्षुल्लक नाही. टाक्याची लांबी, कापडाचा पोत, शिवण्याची दिशा आणि शिवणारीच्या पाठीचे व डोळ्यांचे आरोग्य, या सर्वांचा संबंध तिच्या बैठकीशी आहे. आज घरी गोधडी शिवू इच्छिणाऱ्याला सोईची मांडणी शोधायची असेल, तर जुन्या शिवणाऱ्यांनी ती का व कशी निवडली होती, हे आधी समजून घेणे उपयुक्त ठरते.

तीन अडचणी

हाताने गोधडी शिवताना तीन अडचणी एकाच वेळी सोडवाव्या लागतात. पहिली अडचण थरांची. दोन, तीन किंवा अधिक कापडे एकमेकांवर घातली की ती सरकू लागतात; वरचा थर ताणला आणि खालचा सैल राहिला, तर शिवण पूर्ण झाल्यावर खालच्या बाजूला चुण्या दिसतात आणि तोवर उसवण्यावाचून उपाय उरत नाही. दुसरी अडचण अंतराची. पाच फूट रुंद व सात फूट लांब वस्त्राच्या प्रत्येक बिंदूपर्यंत सुई पोहोचली पाहिजे. परंतु बसलेल्या माणसाचा हात बारीक काम करताना पुढे दीड-दोन फुटांपलीकडे नीट चालत नाही. तिसरी अडचण शरीराची. एका गोधडीत हजारो टाके असतात. ते घालताना मान, खांदे, कंबर व डोळे यांना तासन्‌तास एकाच स्थितीत राहावे लागते.

या अडचणींवर जगात मुख्यतः दोन मार्ग निघाले. एका मार्गात कापड स्थिर ठेवतात आणि हात त्याच्यावर फिरतो. दुसऱ्यात हात जवळजवळ स्थिर असतो आणि कापड त्याच्याकडे आणले जाते. पहिला मार्ग चौकटीचा, दुसरा मांडीचा.

चौकटीचा मार्ग

इंग्लंड, वेल्स आणि अमेरिका येथील घरगुती रजया बहुधा लाकडी चौकटीवर शिवल्या जात. या चौकटीला दोन लांब दांडे आणि त्यांना आडव्या जोडणाऱ्या दोन पट्ट्या असत. रजईची दोन टोके दांड्यांना शिवून तिचा बराचसा भाग त्यांच्याभोवती गुंडाळीत आणि मधला हात-दोन हातांचा पट्टा उघडा व ताणलेला ठेवीत. चौकट घोड्यांवर किंवा खुर्च्यांच्या पाठींवर टेकवून स्त्रिया तिच्या दोन्ही अंगांना बसत. एक पट्टा शिवून झाला की तो एका दांड्यावर गुंडाळायचा आणि दुसऱ्या दांड्यावरून पुढचा उलगडायचा, असा क्रम चाले.

या पद्धतीत एक हात वर व दुसरा कापडाखाली असतो. वरचा हात आखूड सुई सरळ खाली उतरवतो. खालच्या बोटाला तिचे टोक जाणवताच ते बोट सुईला वर वळवते. मधल्या बोटातील अंगुस्तानाने सुई पुढे-मागे झुलवीत एकाच वेळी तीन-चार टाके सुईवर घेतले जातात. थर ताणलेले असल्यामुळे सरकत नाहीत आणि वस्त्राचा सारा भार लाकूड पेलते. शिवणाऱ्याच्या अंगावर काहीच ओझे येत नाही.

ही सोय मोठी असली, तरी तिचे मोलही मोठे होते. चौकट मांडली की खोलीचा बराचसा भाग व्यापला जाई आणि रजई पूर्ण होईपर्यंत ती सहसा हलवीत नसत. म्हणूनच अनेक ठिकाणी शेजारणी एकत्र जमून काम लवकर संपवीत. चौकटीच्या कामाला कसब व सलग वेळ लागत असल्याने ते उपजीविकेचे साधनही होऊ शकले. ब्रिटनमध्ये १९२८ पासून ग्रामीण उद्योगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने दक्षिण वेल्स व डरहॅम येथील कोळशाच्या खाणींच्या प्रदेशांत, बेकारीने ग्रासलेल्या कुटुंबांतील स्त्रियांच्या अशा रजयांना शहरांतील ग्राहक मिळवून दिले होते.

भारताला चौकट अपरिचित होती असे मात्र नाही. जरदोजीचे भरतकाम करणारे कारागीर लखनौ, बरेली आदी शहरांत आजही जमिनीपासून थोड्या उंचीवर मांडलेल्या लाकडी चौकटीभोवती बसून काम करतात. या चौकटीला अड्डा किंवा कारचोब म्हणतात. असे असूनही गोधडी शिवणाऱ्या स्त्रीने अड्डा आपल्या घरात आणला नाही. त्याचे कारण दुसऱ्या मार्गाचा विचार केल्यावर स्पष्ट होते.

मांडीचा मार्ग

कांथेचे काम जमिनीवर सुरू होते. स्वच्छ सारवलेल्या अंगणात किंवा चटईवर जुन्या साड्यांचे वा धोतरांचे थर एकावर एक पसरतात. हाताने मध्यापासून कडांकडे निपटून सुरकुत्या काढतात, कडांवर जड वस्तू ठेवतात आणि मोठमोठे कच्चे टाके घालून सर्व थर एकमेकांना टाचतात. एवढे झाले की वस्त्र जमिनीवर पसरून ठेवण्याची गरज संपते. आता त्याची घडी घालता येते, ते मांडीवर घेता येते आणि हवा तेवढाच भाग उघडा ठेवून शिवता येते. पुष्कळदा धागाही साडीच्या रंगीत काठातूनच काढलेला असे.

मांडीवर शिवताना दोन्ही हात कापडाच्या वरच असतात. डाव्या हाताची बोटे कापडाला बारीक घड्या घालीत ते सुईवर चढवतात. उजवा हात सुई जवळजवळ जागेवर धरून ठेवतो. पाच-सहा टाके भरले की सुई ओढून घेतात. धागा किंचित ताणला जातो आणि दोन ओळींमधले कापड हलकेच फुगते. कांथेच्या पृष्ठभागावर पाण्याच्या तरंगांसारखा जो पोत दिसतो, तो असा तयार होतो. ताणलेल्या चौकटीवर हा तरंग सहसा उमटत नाही. म्हणजेच, ज्याला आपण बंगाली कलेचे वैशिष्ट्य मानतो, त्यातील काही भाग शिवणारीच्या बैठकीचा आहे.

नक्षीबाबतही असेच काहीसे म्हणता येईल. अनेक कांथांत मध्यभागी कमळ असते आणि चारही कोपऱ्यांतून वृक्ष वा कोयऱ्या त्याच्याकडे झुकतात. त्यांच्यामधल्या आकृतींचे पाय कधी या कडेला, तर कधी त्या कडेला असतात. भिंतीवर टांगलेली कांथा पाहताना यांतील काही आकृती उलट्या भासतात. परंतु ते वस्त्र भिंतीसाठी नव्हतेच. ते जमिनीवर पसरले जाई, चोहोबाजूंनी पाहिले जाई, आणि शिवताना मांडीवर पुनःपुन्हा फिरवले जाई. त्याला वरची व खालची अशी निश्चित बाजू असण्याचे कारणच नव्हते.

मांडीच्या मार्गातही प्रदेशपरत्वे फरक आहेत. रल्ली शिवताना थर चटईवर पसरून समांतर सरळ ओळी घालीत जातात. सिद्दी स्त्रिया कवंदीची सुरुवात कडेपासून करतात. पायाच्या कापडावर, जे बहुधा एखादी साडी असते, कडेला ठिगळे लावीत व त्याच टाक्यांनी थर शिवीत त्या चारही बाजूंनी मध्याकडे सरकतात. मोठ्या कवंदीवर दोघी-तिघी वेगवेगळ्या कडांना बसून काम करू शकतात. शेवटी कोपऱ्यांवर घडीची लहान ठिगळे बसवतात. त्यांना फुले म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी उघडी राहिली असे मानले जाते. महाराष्ट्रातील गोधडीचे धावदोरेही पुष्कळदा कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन काढीत मध्यावर पोचतात.

चौकटीवर वा रिंगेत शिवणाऱ्याला याच्या उलट सल्ला दिला जातो: मध्यापासून सुरुवात करावी आणि जादा कापड कडांकडे सारीत न्यावे. हे दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. कवंदीत वरचा थर आधी पसरलेला नसतो. ठिगळ ठेवताक्षणी शिवले जाते, म्हणून कोंडून राहण्याजोगे जादा कापडच नसते. अखंड लुगड्यांच्या गोधडीत मात्र कडा आधी बांधल्या जातात. अशा वेळी कच्चे टाके दाट नसतील, तर मध्यावर पोचेपर्यंत कापडाचा फुगा साठतो. कोठून आरंभ करावा, हे थर कसे धरले आहेत यावर अवलंबून असते.

तुटक वेळेची सोय

भारतीय स्त्रीने चौकट का स्वीकारली नाही, याचे उत्तर तिच्या दिवसात सापडते. पाणी, सरपण, स्वयंपाक, मुले, गुरे आणि शेत यांमधून दुपारी जो वेळ उरे, तो सलग नसे. मूल रडले की उठावे लागे; पाऊस आला की अंगण सोडावे लागे. घर लहान असे, आणि ज्या जागेवर दुपारी शिवण चाले, तेथेच रात्री अंथरुणे पडत. अशा घरात महिनोन्‌महिने मांडून ठेवावी लागणारी चौकट सोईची नव्हती. टाचलेली गोधडी एका क्षणात गुंडाळून दांडीवर टाकता येई आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच सहजपणे पुन्हा मांडीवर घेता येई. सुई कापडातच टोचलेली राही. काम जेथे थांबले, तेथूनच सुरू होई. मांडीची पद्धत साधनांच्या अभावी पत्करलेली दिसते खरी. परंतु तुटक वेळेत मोठे काम तडीस नेण्यासाठी तिच्याहून योग्य मांडणी सापडणे कठीण आहे.

तथापि या सोईची किंमत कोणीतरी दिलीच. चौकटीचे लाकूड जो भार पेलते, तो येथे शरीर पेलते. तीन-चार जुन्या लुगड्यांची गोधडी दोन-तीन किलो भरते. तिचा बराच भाग मांडीवरून खाली लोंबतो आणि प्रत्येक टाक्याला हात तो ओढीत असतो. कापड खाली मांडीवर असल्याने मान झुकते, पाठीला बाक येतो, आणि प्रकाश अपुरा असला की डोके आणखी खाली जाते. दुपारचा तासभर हे सोसता येते. परंतु हेच काम मजुरीचे झाले की चित्र बदलते. मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा व आसपासच्या गावांत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सुजनीचे काम विक्रीसाठी होऊ लागले आणि स्त्रियांच्या हाती प्रथमच स्वतःची मिळकत आली. बंगालमध्येही कांथाकामाच्या साड्यांना मोठी बाजारपेठ लाभली. घरच्या पांघरुणासाठी विकसित झालेल्या बैठकीत आता दिवसाचे कित्येक तास काढावे लागतात. कंबर दुखणे, बोटे बधिर होणे आणि दृष्टीवर ताण येणे हा या कामाचा अटळ भाग आहे अशी समजूत अशा वेळी सहज रूढ होते. ती समजूत बरोबर नाही. मांडीच्या मार्गाचा गुण, म्हणजे काम केव्हाही उचलता येण्याची सोय, कायम ठेवून शरीरावरचा भार उतरवता येतो. आणि त्याला फारसा खर्चही लागत नाही.

घरातील मांडणी

सर्वप्रथम टाचण्याचे काम नीट झाले पाहिजे, कारण पुढची सर्व मोकळीक त्याच्यावर अवलंबून असते. कापडे आधी धुऊन, खळ काढून, सुकवून घ्यावीत. गोधडीपेक्षा थोडी मोठी अशी मोकळी जमीन निवडावी आणि कडांवर पितळी भांडी किंवा जड पुस्तके ठेवावीत. उभ्या व आडव्या कच्च्या टाक्यांच्या ओळींत चार-पाच बोटांहून अधिक अंतर ठेवू नये. गुडघ्यांवर वाकून हे काम करणे त्रासाचे वाटत असेल, तर लांब मेजावर गोधडीचा एकेक पट्टा पसरून टाचता येते. मात्र पुढचा पट्टा ओढताना आधीचे थर सरकणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते. आत रुई भरली असेल, तर टाके याहूनही दाट असावेत.

त्यानंतर बैठक. जमिनीवर बसणाऱ्याने पाटावर किंवा चौघडी केलेल्या घोंगडीवर बसावे. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच राहिली की पाठ आपोआप सरळ होते. पाठीला भिंतीचा आधार असावा. एक पाय मुडपून दुसरा गुडघा उभा ठेवला, तर कापड त्या गुडघ्यावर टेकते आणि डोळ्यांच्या जवळ येते. ही जुन्या शिवणाऱ्यांची नेहमीची बैठक होय. काही वेळाने पाय बदलणे एवढेच तिचे पथ्य. उभा गुडघा न जमल्यास मांडीवर उशी किंवा लहान चौरंग ठेवूनही तोच हेतू साधतो. कापड माणसाकडे वर आले पाहिजे, माणूस कापडाकडे खाली जाता कामा नये, हे या साऱ्याचे सूत्र आहे.

ज्यांना जमिनीवर बसणे शक्य नसते, त्यांनी सरळ पाठीची खुर्ची घ्यावी. दोन्ही पावले जमिनीवर किंवा पाटावर पूर्ण टेकली पाहिजेत. खुर्चीचे हात कोपरांना आड येत असतील, तर बिनहातांची खुर्ची बरी. गोधडीचा उरलेला भाग समोरच्या मेजावर किंवा बाजूच्या खाटेवर ठेवावा. तो खाली लोंबू देऊ नये. खांदेदुखीचे एक मोठे कारण हा लोंबता भार असतो.

ताण हवाच असेल, तर एक-दीड फूट व्यासाची लाकडी रिंग वापरता येते. तिची एक कड मेजाला व दुसरी मांडीला टेकवली की ती लहानशा चौकटीचे काम करते आणि काम संपताच काढूनही ठेवता येते. रिंगेतील कापड ढोलकीच्या चामड्यासारखे ताणू नये; खालच्या बोटाने वर उचलता येईल इतके सैल असावे, अन्यथा सुई झुलत नाही आणि मनगटावर जोर येतो. ज्याला कांथेचा तरंग हवा आहे, त्याने मात्र रिंगेचा मोह टाळावा.

प्रकाशाच्या बाबतीत नियम साधा आहे. उजव्या हाताने शिवणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून आणि डावखुऱ्याच्या उजव्या खांद्याकडून उजेड यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. उत्तरेकडील खिडकीचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून तो उत्तम. रात्री छताच्या दिव्यावर विसंबू नये; कापडावर बाजूने पडणारा मेजावरचा दिवा टाक्यांची उंचसखल स्पष्ट दाखवतो. गडद कापडावर गडद दोऱ्याचे काम दिवसासाठी राखून ठेवावे. चाळिशीच्या सुमारास जवळचे अस्पष्ट दिसू लागते. अशा वेळी डोके खाली नेऊन भागवण्यापेक्षा योग्य क्रमांकाचा चष्मा घेणे हिताचे. कारण मानेचे पुष्कळसे दुखणे मुळात डोळ्यांचे असते.

साधनांविषयी थोडेच सांगण्याजोगे आहे. सुई कापडाच्या मानाने असावी. जाड थरांना दाभण लागते, परंतु मऊ सुती थरांतून बारीक सुई कमी श्रमात जाते. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याने सुईत ओवण्याचा वेळ वाचतो, पण प्रत्येक टाक्याला हात पूर्ण लांबवावा लागल्याने खांदा थकतो आणि दोराही पिळतो. अंगुस्तान सुरुवातीला अडचणीचे वाटते. त्याची सवय झाली की सुईला रेटण्याचे काम बोटाच्या टोकाकडून धातूकडे जाते. सुई बाहेर ओढण्यासाठी रबराचा लहान तुकडा वापरला, तर चिमूट घट्ट आवळावी लागत नाही.

शेवटी विश्रांती. पूर्वी घरातील कामेच शिवणारीला उठवीत. हे अडथळे तिच्या पाठीला अनायासे विसावा देत. आज निवांत वेळ मिळणाऱ्याने किंवा मजुरीसाठी शिवणाऱ्याने तो विसावा स्वतः ठरवून घ्यावा लागतो. दर अर्ध्या तासाने उठावे, बोटे उघडझाप करावीत, दूरच्या झाडाकडे किंवा घराकडे घटकाभर पाहावे. गोधडी फिरवून दुसऱ्या बाजूने शिवू लागण्याचा क्षण यासाठी सर्वांत सोईचा.

या सूचनांत नवे असे थोडेच आहे. उभा गुडघा, भिंतीचा आधार, अंगणातला उजेड आणि एकमेकींच्या सोबतीने वाटून घेतलेले काम हे सारे जुन्या शिवणाऱ्यांना ठाऊक होते. मात्र ही जाण नक्षीसारखी वस्त्रावर उमटून राहत नाही. ती पाहून आणि शेजारी बसूनच शिकावी लागते. आईशेजारी बसून शिकण्याची संधी जसजशी कमी होत आहे, तसतशी ती शब्दांत नोंदवून ठेवण्याची गरज वाढत आहे. एखाद्या प्रदेशाच्या गोधडीची नोंद करणाऱ्याने म्हणूनच तिच्या लांबी-रुंदीबरोबर आणि नक्षीबरोबर शिवणारी कोठे बसली होती, कापड कशावर टेकले होते आणि उजेड कोणत्या बाजूने येत होता, हेही लिहून ठेवावे.